पाणमांजराची शेपटी

भांडण शेपटीवरून सुरू झालं. आमच्या इमारतीत आजवर पाण्याच्या टाकीवरून भांडणं झाली, गाड्या लावण्याच्या जागेवरून झाली, एकदा तर एका पायपुसण्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. पण दोघांपैकी एकानेही न पाहिलेल्या जनावराच्या शेपटीवरून भर जिन्यात दोन म्हातारे समोरासमोर उभे ठाकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. त्यांतला एक म्हातारा माझे वडील, म्हणून पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

दुसरे म्हणजे वरच्या मजल्यावरचे सफारीकाका. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते अभयारण्यं पाहत हिंडतात. त्यांच्या जाकिटाला इतके खिसे आहेत की किल्ली शोधायला त्यांना जिन्यातला दिवा दोनदा लावावा लागतो. कुठूनही परत आले की ते फोनमधले फोटो प्रत्येक दारात थांबून दाखवतात. इमारतीतली माणसं सभ्य आहेत, त्यामुळे फोटोत फक्त गवत असलं तरी सगळे "वा" म्हणतात.

त्या दिवशी त्यांनी बाबांसमोर फोन धरला आणि म्हणाले, "हे पाणमांजर. फार लाजाळू. नशीबवानालाच दिसतं."

बाबांनी चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, लांब धरला आणि परत दिला. "मुंगूस आहे."

"पाण्याजवळ होतं हो."

"मुंगसाला तहान लागत नाही का? शेपटी बघा. पाणमांजराची शेपटी बुडाशी जाड असते, पोहायला लागते ती. ही झाडू आहे."

काकांनी फोन खिशात टाकला. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही कधी पाहिलंय का खरं पाणमांजर?"

बाबा म्हणाले, "नाही," आणि आत येऊन त्यांनी दार लावलं.

या एका 'नाही'चं वजन कळायला बाबांचा धंदा माहीत हवा. शाळेच्या वर्गात भिंतीवर प्राण्यांचे तक्ते टांगलेले असतात, त्यांतले प्राणी बाबा काढायचे. एका तक्ते छापणाऱ्या कारखान्यात खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, दुसऱ्यांची पुस्तकं आणि फोटो बघून त्यांनी सगळी जीवसृष्टी उभी केली. विनय हा गुण त्यांच्यात कधीच नव्हता. तक्त्याच्या कोपऱ्यात त्यांची सही हरणापेक्षा मोठी असायची. "या शहरातला तुझ्या वयाचा कुठलाही माणूस घे," ते मला सांगत, "त्याच्या डोक्यातला गेंडा माझा आहे." आणि ते खरंही होतं. पण त्यांनी स्वतः आयुष्यात मोकळं फिरताना पाहिलेलं सगळ्यांत मोठं जनावर म्हणजे कारखान्याच्या गोदामातली घूस.

त्या रात्री ते जेवले, पण मिठाच्या भांड्यालासुद्धा हात न लावता. आमच्या घरात याला उपोषण म्हणतात. मी भावनेच्या भरात बोलून गेलो, "बाबा, येत्या शनिवारी आपण अभयारण्यात जाऊ. पाणमांजर बघूनच येऊ."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. चुकीची मात्रा तिला लांबून ओळखू येते.

"अहो, शनिवार परवा आहे," ती म्हणाली.

"मग पुढचा."

आम्ही गेलो तेव्हा मधले किती शनिवार उलटले होते ते मी मोजलेलं नाही.

आधी परवानगी. पाणमांजरं असलेलं अभयारण्य दोन-अडीच तासांवर होतं, पण आत जायची परवानगी शहरातल्या कार्यालयातून घ्यायची होती. मी वीजपुरवठा कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. खिडकीच्या आतली बाजू मला पूर्ण परिचयाची. बाहेरची बाजू कशी असते याचा मात्र मला अनुभव नव्हता. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि ज्येष्ठ नागरिकासाठी डॉक्टरांचा दाखला मागितला.

आमचे डॉक्टर हौशी आहेत. त्यांनी बाबांना तपासलं आणि पेन उघडून मला विचारलं, "कुठले प्राणी बघणार? सशासाठी दाखला नको, अस्वलासाठी मी जरा विचार करून देईन."

"पाणमांजर," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं, 'सदर व्यक्ती प्राणी पाहण्यास शारीरिकदृष्ट्या पात्र आहे.' कारकुनाने तो दाखला वाचला आणि परत दिला. अभयारण्याचं पूर्ण नाव 'पक्षी व वन्यजीव अभयारण्य' असल्यामुळे दाखल्यात पक्ष्यांचा उल्लेख हवा होता.

"पण आम्हाला पक्षी बघायचे नाहीत," मी म्हणालो.

"आत गेल्यावर दिसला तर?"

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, पुन्हा खिडकीवर आलो, तेव्हा साहेब रजेवर होते. मी आवाज चढवला. तेव्हा तो कारकून अत्यंत सौजन्याने म्हणाला, "आपली अडचण मी समजू शकतो. आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत." माझ्या अंगावर काटा आला. ही माझी वाक्यं होती. इतकी वर्षं मी ती लोकांच्या तोंडावर मारत आलो, आणि ती इतकी जोरात लागतात याची मला कल्पना नव्हती.

एव्हाना बातमी जिन्यात पसरली होती आणि जो तो सल्ला द्यायला येत होता. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी सांगितलं की जंगलात भडक रंग चालत नाहीत, आणि माझ्या अंगावर टेप टाकून मापंही घेतली. त्यांनी शिवलेला मातकट शर्ट मी घालून पाहिला तेव्हा बायको म्हणाली, "भिंतीजवळ उभे राहू नका, सापडणार नाहीत." पण खरे सल्ले आले सफारीकाकांकडून. भांडण झालं म्हणून काय झालं, ज्ञान द्यायची संधी सोडणारा तो माणूस नव्हे.

"साबण बंद," ते मला जिन्यात गाठून म्हणाले. "पावडर, तेल, अत्तर, सगळं आजपासून बंद. जनावराला माणसाचा वास चालतो, साबणाचा चालत नाही."

मी विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या सहकाऱ्याने आपली खुर्ची फायलींच्या कपाटाकडे सरकवली. त्या आठवड्यात माझ्या खिडकीवरच्या तक्रारी निम्म्याने घटल्या, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या कार्यक्षमतेचं कौतुक केलं. कौतुक करताना ते दारातच उभे होते.

शेवटी परवानगी मिळाली, आणि त्याच संध्याकाळी काका जाकीट घालून दारात उभे. "तुम्हाला जाणकार माणूस लागेल," ते म्हणाले. बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "येऊ दे त्यांना. मुंगूस दिसलं तर ओळखायला कोणीतरी हवं."

गाडी बायको चालवते. मला परवाना आहे, पण तिची परवानगी नाही. काका पुढच्या सीटवर, कारण दिशा त्यांना कळतात; मी आणि बाबा मागे, आणि माझ्या मांडीवर काकांच्या कॅमेऱ्याचं तिकाटणं. फोनमधला नकाशा बायकोने लावला तो काकांनी बंद करायला लावला. जंगलात नकाशा नव्हे, अंतःप्रेरणा लागते म्हणाले. त्यांच्या अंतःप्रेरणेने आम्ही एका दगडाच्या खाणीत पोचलो. तिथल्या मुकादमाने आम्हाला योग्य रस्ता दाखवला आणि माझ्याकडे बघून काच वर घ्यायला सांगितली.

अभयारण्याच्या फाटकाशी एक भलामोठा फलक होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत 'पाणमांजर' असं लिहिलं होतं आणि वर एक जनावर काढलं होतं. ते दोन पायांवर उभं होतं, आणि त्याच्या पाठीमागे डोक्यापर्यंत वर गेलेली गोंडेदार शेपटी होती. बाबा गाडीतून उतरले आणि त्या फलकासमोर जाऊन उभे राहिले. अंत्यदर्शनाला गेल्यासारखे.

"हे कोणी काढलं?" त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं.

"सरकारने," रखवालदार म्हणाला.

"ही खार आहे."

"सरकारी आहे," रखवालदार म्हणाला आणि आमची ओळखपत्रं तपासायला आत गेला. बाबांना तिथून हलवायला आम्हाला बराच वेळ लागला.

दुपारच्या जीपच्या फेरीबद्दल मी फार सांगणार नाही. आम्ही धूळ पाहिली. आम्ही दुसरी जीप पाहिली; तिच्यातल्या माणसांनी आम्हाला पाहिलं, आणि दोन्हीकडून थोडी निराशा झाली. मग काकांनी एकदम चालकाचा खांदा दाबला आणि ओठ न हलवता म्हणाले, "अस्वल. डावीकडे. बसलेलं." आम्ही श्वास रोखले. काकांनी तिकाटणं माझ्या पायावर उभं करून असंख्य फोटो काढले. मागून आलेल्या जीपवाल्यांनीही काढले. बऱ्याच वेळाने चालकाने अदबीने सांगितलं, "जळका खुंट आहे साहेब. सगळ्यांनाच फसवतो." बाबा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मात्र त्यांनी खुंटाकडे नीट बघून "शेपटी दिसत नाही" एवढा शेरा मारला.

रात्री अभयारण्यातल्याच विश्रामगृहात राहून दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता आम्ही नदीकाठी गेलो. सोबतीला एक मिशीवाला वाटाड्या होता. बोलायचं काम तो शक्यतो हातांनी करी. काठावर गवताच्या भिंतींची एक लहानशी झोपडी होती, भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर फटी. आत बाकावर बसायचं आणि फटीतून पाण्याकडे बघायचं. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं. आम्ही बसलो. समोर बदकं होती, पाण्यावर धुकं होतं, आणि माझ्या शेजारी बाबा ताठ बसले होते, निकाल लागायच्या दिवशी मुलं बसतात तसे. त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि बोटं हलत होती. मला कळलं की ते मनातल्या मनात ती शेपटी काढून बघताहेत. ती चूक निघाली तर? कितीतरी वर्षांच्या, कितीतरी वर्गांतल्या भिंतींवरचं पाणमांजर चूक निघालं तर? हा विचार मी घरातून निघताना केलाच नव्हता. तो आता केला, आणि मला वाटलं की दिसू नये ते, आपण हात हलवत घरी जावं.

तेवढ्यात काकांच्या फोनमधून गरुड ओरडला.

काकांच्या फोनची घंटी म्हणजे गरुडाची आरोळी आहे. बदकं एका झपाट्यात उडाली, धुकंसुद्धा थोडं उडाल्यासारखं वाटलं. फोन बंद करायला काका खिसे चाचपू लागले. खिसे तर तुम्हाला माहीतच आहेत. त्या झटापटीत त्यांची टोपी झोपडीच्या दारातून बाहेर पडली आणि उतारावरून घरंगळत खाली चिखलाच्या कडेला जाऊन थांबली.

"खरा गरुड वाटला त्यांना," फोन सापडल्यावर काका बदकांबद्दल म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता. मग म्हणाले, "माझी टोपी."

वाटाड्याने हाताने 'नको' केलं. पण मी सौजन्याच्या खात्यात काम करणारा माणूस. मी उतारावरून खाली गेलो, वाकलो, टोपी उचलली, आणि मागे वळायला पाय उचलला तर पाय येईना. दुसऱ्या पायावर जोर दिला तर तोही गेला. चिखल वरून साय आल्यासारखा दिसत होता आणि खाली त्याला अंत नव्हता. मी पोटऱ्यांपर्यंत रुतलो, मग गुडघ्यांपर्यंत. नदीकडे पाठ, किनाऱ्याकडे तोंड, हातात टोपी. एखाद्या दारात मदत मागायला आल्यासारखा मी उभा होतो.

बायको, काका आणि वाटाड्या खाली आले. वाटाड्याने फांदी पुढे केली. काकांनी सूचना केल्या. बायकोने काकांना बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी माझी मनगटं धरली. "हलू नका," ती म्हणाली. मी हललो. असा बराच वेळ गेला. शेवटी एक मोठा चुंबनासारखा आवाज होऊन मी बाहेर आलो, पालथा. माझा डावा बूट मात्र नदीने ठेवून घेतला. मातकट शर्टाचा फायदा हा की त्यावर काहीच दिसत नव्हतं.

आम्ही झोपडीत परतलो तेव्हा बाबा बाकावर तसेच बसले होते. फक्त आता हात स्थिर होता.

"पाहिलं," ते म्हणाले.

"काय?"

"तिघं होती. त्या वळणावर. तुम्ही सगळे याला उपटत होता तेव्हा."

आम्ही तिघांनीही फटींना डोळे लावले. बाहेर फक्त पाणी होतं.

काकांनी जरा थांबून विचारलं, "शेपटी?"

"बुडाशी जाड. वल्ह्यासारखी. टोकाला निमुळती." बाबांनी हवेत अंगठ्याने एक रेघ ओढली, आणि त्या रेघेतच मला सगळं पाणमांजर दिसलं.

"फोटो काढलात?"

"मी काय फोटो काढणारा वाटतो तुम्हाला?"

"मग पुरावा काय?" काका म्हणाले. कुचकटपणे नव्हे, उलट हळहळून. इतकी अभयारण्यं पालथी घालून पाणमांजर दिसलं ते दुसऱ्यालाच, आणि आपण त्या वेळी त्याच्या मुलाला सूचना करत होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. परतताना गाडीत, फाटक जवळ आल्यावर बाबा एकदम म्हणाले, "मी त्याला नेहमी एकटंच काढलं."

फाटकाशी बाहेर जाण्याची नोंद करायची होती. मी रखवालदाराच्या खोलीत गेलो. त्याने माझं ओळखपत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. चेहरा जुळत नव्हता.

"चिखल आहे," मी म्हणालो.

"असेल. पण आत गेलेला माणूस आणि बाहेर येणारा माणूस एकच पाहिजे."

त्याने मला मागच्या नळावर पाठवलं. मी तोंड धुतलं, त्याने पुन्हा पाहिलं आणि कान धुवायला सांगितले. कारण फोटोत कान दिसत होते. दुसऱ्यांदा परत येत होतो तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली, रखवालदार माझी नोंद अर्धवट टाकून धावला, आणि त्याच्यामागे मी, एका बुटात.

फाटकाचे लोखंडी गज रंगवायचं काम चालू होतं. रंगारी जेवायला गेला होता आणि त्याचे डबे फलकाच्या पायथ्याशी ठेवलेले होते. बाबा त्याच्या लहान शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभे होते. हातात ब्रश. फलकावरची गोंडेदार शेपटी नाहीशी झाली होती. त्या जागी मूळच्या जनावरातून सरळ वाहत आल्यासारखी एक जाड, ओली, ताकदवान शेपटी होती, आणि बाबा आता त्याचे पुढचे पाय जमिनीवर टेकवायच्या कामात होते. शिडी काकांनी धरली होती.

"तुम्हीसुद्धा?" मी काकांना म्हणालो.

"ते पडतील ना," काका म्हणाले.

रखवालदार शिट्टी वाजवत राहिला. मी माझ्या व्यवसायातली सगळी वाक्यं त्याला ऐकवली, त्याची अडचण समजू शकतो हेही सांगितलं, पण तो ऐकेना. सरकारी मालमत्ता, विद्रूपीकरण, दंड, असे शब्द यायला लागले. बायको गाडीतून उतरून बाबांच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. इतक्यात आतल्या बाजूने एक जीप आली आणि चिखलाचे गमबूट घातलेल्या एक बाई उतरल्या. त्या या अभयारण्याच्या मुख्य वनाधिकारी होत्या. रखवालदाराने सलाम ठोकून फलकाकडे बोट दाखवलं.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," बाबा शिडीवरून म्हणाले. "आधीचं कोणी केलं होतं?"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई फलकाच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या.

"शेपटी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मी इथे आल्यापासून वर कळवतेय की ही खार दिसते. त्यांनी समिती नेमली."

"समिती काय म्हणाली?" मी विचारलं. हे माझं क्षेत्र होतं.

"समितीने पाणमांजर पाहण्यासाठी मुदतवाढ मागितली आहे." त्या बाबांकडे वळल्या. "तुम्ही कुठे पाहिलंत?"

"आज सकाळी, नदीच्या वळणावर. तिघं होती. लहानग्याला पाण्यात जायचं नव्हतं. आई त्याला मानेला धरून आत न्यायची, हा धडपडत पुन्हा काठावर. मग तिने त्याला सोडलं आणि जरा लांब जाऊन नुसती थांबली. तेव्हा आला आपणहून."

बाईंचा चेहरा बदलला. "पिल्लू होतं? नक्की?"

"माझे डोळे चित्रकाराचे आहेत," बाबा म्हणाले. अशा वेळीसुद्धा.

मग बाईंनी सांगितलं. या नदीत कितीतरी वर्षं पाणमांजरं उरली नव्हती. पाणी सुधारल्यावर एक जोडी कुठूनशी परत आली. ती इथे रमेल का, तिला पिल्लं होतील का, यावर सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि आजवर कोणालाच पिल्लू दिसलं नव्हतं. त्या भराभर बोलत होत्या आणि बोलता बोलताच त्यांनी जीपमधला वायरलेस उचलून मिशीवाल्या वाटाड्याला पुन्हा काठावर धाडलं. आम्ही सगळे वायरलेसभोवती उभे राहिलो. बाबा शिडीवरून उतरले आणि ब्रशला लागलेला रंग डब्याच्या कडेला निपटत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. काकांनी आपल्या एका खिशातून रुमाल काढून त्यांना दिला. पहिल्याच खिशात सापडला.

वायरलेस खरखरला. वाटाड्याला बोलावं लागत होतं, म्हणून तो तुटक बोलत होता.

"मॅडम, पावलं आहेत. ताजी. मोठ्या दोन जोड्या. आणि एक लहान."

"कुठे?"

"सकाळचे साहेब रुतले होते ना, त्या खड्ड्याच्या कडेने. लहान तर खड्ड्यात उतरून गेलंय. साहेबांचा बूट वर काढून ठेवलाय. दात लागलेत बुटाला. बारीक आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमची फजिती काठावर अशी पसरून पडली होती, आणि आम्ही निघून गेल्यावर ते कुटुंब ती बघायला आलं होतं. माझ्या घरच्यांनी कधी माझ्या कामात एवढा रस घेतल्याचं मला आठवत नाही.

"बूट तिथेच असू दे," बाई वायरलेसवर म्हणाल्या. "फोटो घे. माप घे." मग त्यांनी वायरलेस ठेवला आणि पहिल्यांदा हसल्या. बाबांना म्हणाल्या, "आता पुढचे पाय पूर्ण करा. बोटांमधले पडदे राहिलेत."

"ब्रश जाड आहे," बाबा म्हणाले.

बाईंनी कार्यालयातून बारीक ब्रश मागवला. रखवालदारच तो घेऊन आला. तोपर्यंत रंगारी जेवून परतला होता; त्याने परिस्थिती पाहिली आणि निमूटपणे रंग कालवायला बसला. बाबांनी पडदे काढले, मिशांचे केस काढले, मग दोन पावलं मागे येऊन फलकाच्या उरलेल्या मोकळ्या जागेकडे बघत उभे राहिले.

"अजून दोघं राहिलीत," ते म्हणाले. "परवानगी आहे का?"

"शेपटीला तरी कुठे होती?" बाई म्हणाल्या.

तेव्हा वाद निघाला तो नावाचा. तीन पाणमांजरं आणि खाली लिहिलेलं 'पाणमांजर' कसं चालेल? बाबा म्हणाले, रवर अनुस्वार द्यावा, एका ठिपक्याचं काम. काका म्हणाले, सरकारी फलक आहे, तिथे बोली चालणार नाही, मात्रा द्या आणि 'पाणमांजरे' करा. बाबा म्हणाले, 'पाणमांजरे' म्हणजे एखाद्याचं आडनाव वाटतं. रखवालदाराचं मत पडलं की अक्षराला हात लावायचा तर वरून लेखी मंजुरी हवी. ठिपक्यालाही हवी का, असं बायकोने विचारलं. बाईंनी थोडा विचार केला.

"ठिपका आहे तो," त्या म्हणाल्या. "माशी बसली म्हणून सांगेन."

बाबा पुन्हा शिडीवर चढले. एव्हाना फाटकाबाहेर एक गाडी येऊन थांबली होती, तिच्यामागे आणखी एक, आणि मग रांगच लागली. आत जायला उशीर होतोय म्हणून मागून कोणीतरी भोंगा वाजवला. पुढच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. त्याच्या शेजारी त्याची बायको होती, मागे मुलं होती, आणि रस्त्यावर मी होतो, एका पायात बूट, कमरेपर्यंत वाळलेला चिखल आणि फक्त चेहरा व कान स्वच्छ.

"का हो, आत काही बघण्यासारखं आहे का?" त्याने विचारलं. "की नुसतीच धूळ?"

"आतलं तुमच्या नशिबावर," मी म्हणालो. "पण गाडी जरा बंद करा आणि खाली उतरा. माझे वडील पिल्लू काढताहेत."

त्याने फलकाकडे पाहिलं. शिडीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, शिडी घट्ट धरून उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. मग गाडी बंद केली, दार उघडून पोरांना बाहेर काढलं, आणि मागे वळून भोंगा वाजवणाऱ्याला हात दाखवला.